घुं… टक! नऊ दिवसांनी परत आलेला बिघाड

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं: कपॅसिटर (कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) बदलला, एसी चालू झाला, विषय संपला. तो संपला नव्हता. बरोबर नऊ दिवसांनी, भर दुपारी, आउटडोअर युनिटमधून पुन्हा तोच आवाज आला. सात-आठ सेकंद घुंऽऽऽ आणि मग टक. म्हणजे कॉम्प्रेसर, गॅस दाबणारा पंप, सुरू व्हायला धडपडतो आणि बंद पडतो. पंखा मात्र मजेत फिरत होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मशीन दीड टनी स्प्लिट, साधं, इन्व्हर्टरवालं नाही. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर बोर्डवर वीज बंद केल्यावरही डीसी कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. तसल्या मशीनमध्ये मी हात घालत नाही, तुम्हीही या नोंदीच्या भरवशावर घालू नका.

शनिवार

पहिला संशय अर्थात नव्या कपॅसिटरवर. एमसीबी पाडला, टेस्टरने खात्री केली, वीस किलोओहमचा रेझिस्टर टर्मिनलवर धरून चार्ज उतरवला आणि मग मोजलं. ४५ मायक्रोफॅरड लिहिलेला, ४५.३ भरला. निर्दोष. जुना काढला तेव्हा ३७.२ भरला होता. पाच टक्के सूट धरली तरी ४२.७५च्या खाली जायला नको. म्हणजे जुना खराब होता हे खरं, पण तो एकटाच गुन्हेगार नव्हता.

मग कॉम्प्रेसरची वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी. टर्मिनल तीन: सी (सामाईक), आर (रन), एस (स्टार्ट). सी-आर उघडं, म्हणजे वाट तुटलेली, सी-एस उघडं! दोन मिनिटं पोटात गोळा आला. कॉम्प्रेसर गेला म्हणजे खेळ खलास. पण आर-एस मोजलं तर ४.३ ओहम आलं. दोन्ही वाइंडिंग शाबूत आहेत, फक्त सीकडची वाट बंद आहे, म्हणजे आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) तापून उघडलाय. कॉम्प्रेसर 'उघडा' दाखवतोय म्हणून भंगारात काढण्याआधी त्याला निवू द्या. मी जेवलो, झोपलो, दीड तासाने परत मोजलं: सी-आर १.४, सी-एस २.९. बेरीज ४.३. बॉडीशी कुठेच कंटिन्युइटी (विजेचा संपर्क) नाही. (मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.३ ओहम आधी वजा करायचा. इतक्या छोट्या आकड्यांत तोच घोळ घालतो.)

कॉम्प्रेसर ठीक, कपॅसिटर ठीक. आउटडोअरच्या टर्मिनलवर व्होल्टेज २३१. तेही ठीक. इथे मी शनिवार संपवला, डोकं खाजवत.

रविवार

सकाळी गार हवेत एसी पहिल्या फटक्यात सुरू झाला. दुपारी नाही. मग ट्यूब पेटली: ते २३१ मी कॉम्प्रेसर बंद असताना मोजले होते! करंटच वाहत नसेल तर कुजलेल्या जोडावरही पूर्ण व्होल्टेज दिसणारच.

वीज बंद करून आउटडोअर टर्मिनलला मीटरच्या क्लिपा लावल्या, फेजच्या एकट्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर (वायरीला वेढून करंट मोजणारा) अडकवला आणि लांब उभं राहून रिमोट दाबला. (पहिल्या वेळी अख्खी केबल क्लॅम्पमध्ये घेतली आणि शून्य अँपियर बघत बसलो; जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो. हसा.) घुंऽऽऽ सुरू होताच २३१ चे १८६ झाले, करंट ३८ अँपियर. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे साधारण ६५ टक्केच जोर उरला. रात्रभर बंद राहून दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब समान झालेला असेल तेव्हा तेवढ्यावर भागतं; दुपारच्या उन्हात, समोर जास्त दाब असताना, नाही भागत.

आता ४५ व्होल्ट गेले कुठे? तीच परीक्षा इनडोअर युनिटच्या आउटडोअरला जाणाऱ्या टर्मिनलवर घेतली. तिथे २२२ च्या खाली जाईना. म्हणजे ३६ व्होल्ट इनडोअर-आउटडोअरच्या मधल्या सात मीटर केबलमध्ये गडप होतायत. केबल अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, मीटरला ७.४ मिलिओहम, जाऊन-येऊन १४ मीटर, म्हणजे ०.१ ओहम. ३८ अँपियरला चार व्होल्ट पडले असते तर मी काही म्हटलं नसतं.

दोन्ही टोकांचे स्क्रू घट्ट, लग (वायरीच्या टोकाला बसवलेले धातूचे तुकडे) चकचकीत. मग बोटांनी पाइपवरचा फोम चाचपत गेलो आणि भिंतीतून बाहेर पडल्यावर हातभर अंतरावर एक फुगवटा लागला. फोम कापला. आत तीन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. एसी जागेवरून हलवला तेव्हा पाइप वाढवले, त्यासोबत केबलही वाढवलेली दिसते. ज्याने केलं त्याने दोन वायरींना सावध पिळलं आणि फेजच्या वेळी बहुधा चहा आला असावा. टेप काळी पडून काचेसारखी कडक झालेली, आतलं तांबं हिरवट-काळं. बोटाने हलवलं तर भुगा पडला.

हिशेब करून बघितला: केबलचे चार वजा केले तर जोडावर ३२ व्होल्ट, भागिले ३८, म्हणजे ०.८४ ओहम. मशीन नीट चालू असताना साडेसात अँपियर जातात, म्हणजे त्या टेपच्या आत साधारण ४७ वॉट. एक सोल्डरिंग आयर्न फोममध्ये गुंडाळून तासन्‌तास चालू ठेवल्यासारखंच. एमसीबीला याचा पत्ता लागत नाही, कारण करंट कुठे जास्तीचा आहे?

सोमवार, रात्री

जोड दुरुस्त केला नाही, केबलच अखंड ओढली, टोकांना लग दाबून (क्रिंप करून) बसवले. आता सुरू होताना आउटडोअरला सर्वांत कमी आकडा २१६, तोही डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. दिवसा चार वेळा सुरू-बंद केलं, दर वेळी तीन मिनिटं थांबून. चारही वेळा एका दमात सुरू.

मग राहवलं नाही म्हणून जुना ३७.२ चा कपॅसिटर परत लावून बघितला. सकाळी सुरू झालं, दुपारीही झालं. नवा पुन्हा लावलाय, कारण जुना मर्यादेच्या बाहेर आहेच. पण मागच्या नोंदीतलं 'कपॅसिटरच होता' हे वाक्य आता खोडतोय. जोडाचा तुकडा बाटलीत घालून टेबलावर ठेवलाय. महिन्याभराने टर्मिनलचे स्क्रू पुन्हा तपासून आकडे टाकतो.