स्वादुपिंडाची सूज आणि "पोराला खायला कसं देतात?"

इंग्लंडमध्ये नातवाला पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे जठरामागच्या स्वादुपिंडाला सूज, झाल्याचं कळलं, की दादर-डोंबिवलीहून आजी-आजोबांचा फोन ठरलेला: "पोटाला सूज असताना खायला कसं देतात?" शंका रास्त आहे, कारण वर्षानुवर्षं डॉक्टरच अशा रुग्णाला उपाशी ठेवत. आता आजार सौम्य असेल आणि मूल खायला मागत असेल, तर ४८ ते ७२ तासांच्या आत, बऱ्याचदा त्याहूनही आधी, जेवण सुरू करतात. रोजचा वरण-भात चालतो. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) वाढल्यामुळे सूज आली असेल, तर मात्र तूप-तेल बंद. उपाशी ठेवत नाहीत, कारण आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि तिथले जंतू रक्तात शिरू शकतात. तोंडाने जमतच नसेल, तर नाकातून नळी घालून दूध देतात.

पहिल्या दिवसाचं खरं औषध म्हणजे सलाइन. सूज आली की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि सूज आणखी चिघळते. २० किलोच्या मुलाला एरवी दिवसाला १५०० मिली पुरतं. इथे त्याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे २२५० ते ३००० मिली देतात आणि लघवी मोजत राहतात. जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साचतं. वेदनाशामक लागतंच, पॅरासिटामॉल पुरलं नाही तर मॉर्फिनसुद्धा. त्याला घाबरू नका. अँटिबायोटिक मात्र संसर्ग नसताना देत नाहीत. "साधं अँटिबायोटिकसुद्धा दिलं नाही" ही तक्रार म्हणूनच चुकीची आहे.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: या आजाराला साजेशी पोटदुखी, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडातले पाचक एन्झाइम) नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी वा स्कॅनमध्ये दिसलेली सूज. गालगुंडात नुसतं अमायलेज वाढू शकतं, कारण ते लाळग्रंथींतूनही येतं. तेव्हा लायपेज बघावं. गालगुंडामुळे स्वादुपिंडालाही सूज येते. मुंबईत सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही. तिन्हींची एकत्र लस, एमएमआर, बालरोगतज्ज्ञांकडे मागून घ्यावी लागते.

बाकी कारणं: पित्ताचे खडे, पित्तनलिकेची जन्मजात गाठ, सायकलचा हँडल पोटात बसणं, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट, आपल्याकडे पित्तनलिकेत शिरलेला जंतही. लहान बाळ दुखतंय असं सांगत नाही. ते नुसतं ओकतं आणि किरकिरतं. हिरवी उलटी, टणक फुगलेलं पोट, सहा-आठ तास लघवी नाही, असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

सुट्टीत मूल मुंबईला येणार असेल, तर डिस्चार्जचे कागद सोबत द्या आणि एककं तपासा. इंग्लंडच्या रिपोर्टातले ट्रायग्लिसराइड्स ११.३ (mmol/L) म्हणजे आपल्याकडचे १००० (mg/dL). नुसता ११ चा आकडा पाहून कुणालाही ते नॉर्मल वाटेल, आणि याच पातळीपुढे स्वादुपिंडाला खरा धोका असतो. परळच्या वाडिया रुग्णालयासारख्या मुलांच्या रुग्णालयात हे कागद पहिल्याच भेटीत दाखवा. हा दुसरा झटका असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल स्वतःहून विचारा.