सात दिवस, तीन गाड्या आणि बॅटरीचे आकडे

सहलीला निघायच्या सकाळी तिन्ही मोटरसायकलींच्या बॅटऱ्या मोजल्या: 12.8, 12.6 आणि 12.5 व्होल्ट. हे माप रात्रभर गाडी उभी राहिल्यावरच घ्यावं. गाडी बंद करताच मोजलं तर मीटर फुगवून दाखवतो. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. त्या हिशेबात तिसरीही चालण्यासारखी होती. पण सेल्फ दाबून धरताच ती 9.1 वर आली. सेल्फ फिरताना बॅटरी 9.6च्या खाली जायला नको. चार्ज पुरेसा असूनही ती त्याखाली गेली, तर बॅटरीच्या आतल्या प्लेटा थकल्यात असं समजा. नुसत्या उभ्या गाडीचा आकडा पाहून लांब निघू नका.

नवी घेताना अँपिअर-अवर (वीज साठवायची क्षमता) मूळइतकेच, खोक्याचं माप तेच आणि धन टोक त्याच बाजूला, हे तिन्ही ताडून पाहा. टोकं उलट असली की वायर ताणून जोडायचा मोह होतो आणि ती फ्रेमला घासते. खडबडीत वाटेवर सीलबंद बॅटरीच बरी, ॲसिड सांडत नाही. काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. नाहीतर पाना फ्रेमला टेकला की ठिणगी उडते.

पहिले तीन दिवस उन्हाचे, त्रास झाला नाही. रोज टर्मिनलचे स्क्रू मात्र तपासले, हादऱ्यांनी एक ढिला झालाच होता.

खरी परीक्षा उंचावरच्या दोन दिवसांच्या मुक्कामात झाली. दुसऱ्या गाडीचा सेल्फ मुक्कामाच्या तिसऱ्या सकाळी रेंगाळला. मोबाइलचा चार्जर थेट बॅटरीला जोडलेला होता, तो गाडी बंद असतानाही 40 मिलिअँपिअर खात होता. 48 तासांत हे जवळपास 2 अँपिअर-अवर, म्हणजे 9 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. त्यात शून्य अंशाला बॅटरीची ताकद तशीही साधारण 20 टक्क्यांनी घटते आणि ऑइल घट्ट होतं. अशी जोडणी किल्लीमागच्या, म्हणजे किल्ली चालू असतानाच वीज येणाऱ्या वायरवरून फ्यूज टाकूनच घ्या. गळती मोजायला किल्ली बंद ठेवा, ऋण वायर सोडा आणि ती वायर व ऋण टोक यांच्या मध्ये मीटर जोडा, आधी 10 अँपिअरच्या रेंजवर. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. 5 मिलिअँपिअरपेक्षा बरंच जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढून दोषी शोधा.

धक्का मारून गाडी सुरू होईल यावर भरवसा ठेवू नका. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत बॅटरी पार बसली असेल तर पेट्रोल पंपालाच वीज मिळत नाही.

परतीला चार्जिंगही पाहिलं: 4000 आरपीएमला 14.2 व्होल्ट. 13.5च्या खाली राहिलं तर स्टेटर (इंजिनवर वीज बनवणारी गुंडाळी) किंवा रेग्युलेटर (बॅटरीला जाणारा व्होल्टेज आवरणारा भाग) तपासा; 15च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बदलल्याशिवाय नवी बॅटरी टाकू नका, तीही उकळून जाईल.