क्लब कारचा नवा कंट्रोलर, भाग ५: उतारावर मरणारी गाडी

सापडलं! तीन आठवडे, दोन सोलेनॉइड (बॅटरीची वीज कंट्रोलरला जोडणारे मोठे स्विच), पेडलची उगाचच बदललेली वायरिंग आणि बाबांचे टोमणे, एवढं सगळं झाल्यावर परवा सकाळी सात वाजता दोष सापडला. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये तो नव्हताच.

मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते आठवत असेल. रिसॉर्टनं मोडीत काढलेली क्लब कारची प्रीसिडेंट, म्हणजे विजेवरची गोल्फ कार्ट, तिच्यातल्या आठ-आठ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या जागी २८० एएचचे (अँप-अवरचे) १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल. जुन्या २५० अँपच्या कंट्रोलरवर दोन माणसं आणि खताचं एक पोतं घेतलं की मुळशीतल्या आमच्या चढावर ती धापा टाकायची, म्हणून ऑलट्रॅक्सचा ४०० अँपचा एक्ससीटी कंट्रोलर मागवला. कस्टमची गोष्ट सांगत बसत नाही, पोटात दुखतं.

जोडणी एका शनिवारात उरकली. मूळच्या बारीक केबली काढून ५० स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल टाकली. लग, म्हणजे केबलीच्या टोकाला बसवायचे धातूचे कान, मात्र जपून घ्या. एका दुकानात तांब्याचे म्हणून दिलेले लग घरी येऊन कानशीनं घासले तर आतून पांढरे निघाले. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. चुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्ही धातूंना चुंबक चिकटतच नाही. खिशात कानस ठेवा. आणि हायड्रॉलिक क्रिंपर कुणाकडून तरी मागून आणा. हातोड्यानं चेपलेला लग ही माझ्या मते पेटायला टेकलेली वस्तू आहे.

प्रीचार्जचा प्रश्नही सुटला. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर २५० ओहमचा रेझिस्टर लावलाय, त्यातून कंट्रोलरचे कपॅसिटर आधी सावकाश भरतात. तो नसताना सोलेनॉइड लागला रे लागला की बीएमएसला (बॅटरीच्या सेलांवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटला) शॉर्ट सर्किट झाल्यासारखं वाटून तो दार लावून घ्यायचा. आता किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. ठिणगी नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मी तो आवाज दहा-बारा वेळा ऐकला. बायकोनं शेवटी किल्ली काढून घेतली.

बीएमएस ३०० अँपचा आणि कंट्रोलर ४०० चा, हे कसं चालतं, असं मागच्या भागावर एकानं विचारलं होतं. ते ४०० मोटरकडचे असतात. गाडी जागेवरून उचलताना मोटरला अँप भरपूर लागतात पण व्होल्ट थोडे, त्यामुळे बॅटरीकडून त्या मानानं बरेच कमी अँप जातात. माझ्या मीटरवर सुरुवातीच्या झटक्याला १२० च्या आसपास दिसतात. चढावर तर गाडी आता असली पळते की पोतं बांधावं लागतं.

आता मूळ दुखणं. आमचं घर वर आहे, विहीर खाली. मधे अडीचशे मीटरचा रस्ता आणि साधारण ३५ मीटरचा उतार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा रोज सकाळी गाडीनंच विहिरीवर जातात. नवा कंट्रोलर बसवल्याच्या तिसऱ्या दिवसापासून गाडी अर्ध्या उतारावर गचका देऊन मरायला लागली. पायाचा ब्रेक तारेवरचा असल्यानं धोका नव्हता, पण बाबांची मर्जी गेली. किल्ली बंद करून पुन्हा लावली की गाडी मुकाट्यानं चालू. "बैल बरा होता," बाबा म्हणाले, "बसायच्या आधी निदान फुरफुरायचा तरी."

पहिला संशय सोलेनॉइडवर. बदलला. मग नव्या सोलेनॉइडवरच संशय, तोही बदलला. सकाळीच होतं म्हणजे थंडीनं कुठला तरी जोड सैल पडत असणार, असं म्हणून सगळे बोल्ट पुन्हा आवळले. मग पेडल. दर वेळी धावत खाली जाऊन मल्टिमीटर लावायचो, तर बॅटरीवर ५४ व्होल्ट, सोलेनॉइडच्या आधी ५४, सगळं कसं छान. आणि चढावर, जिथे खरा दम लागतो, तिथे ती एकदाही बंद पडली नाही. माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती.

धागा दिला बाबांनीच. म्हणाले, "मी दुसरा चहा घेऊन निघालो की बंद पडत नाही." मी हसलो. मग दोन दिवस टिपून ठेवलं. खरंच की! चार्जरची पिन काढून लगेच निघालं तर मरते. अर्धा तास थांबलं तर नाही.

परवा फोन डॅशबोर्डला चिकटवला, बीएमएसचं ॲप उघडं ठेवून स्क्रीन रेकॉर्ड करत स्वतः खाली गेलो. बाकी सगळे सेल ३.४५ व्होल्टच्या आसपास, आणि ११ नंबरचा सेल ३.५८, ३.६१, ३.६५... गचका!

म्हणजे झालं असं. आपली मोटर सेपेक्स, म्हणजे तिच्या चुंबकाच्या गुंडाळीला (फील्डला) वीज वेगळी मिळते, त्यामुळे उतारावर कंट्रोलर तिचाच जनरेटर करून गाडी आवरतो आणि वीज बॅटरीत परत ढकलतो. जुना कंट्रोलर हे बेतानं करायचा. नव्यात हे वीज परत ढकलणं, म्हणजे रीजेन, मीच मोठ्या हौसेनं लॅपटॉपवरून वाढवून ठेवलं होतं, चाळीसेक अँप मागे येत होते. बॅटरी काठोकाठ भरलेली. ११ नंबर सगळ्यांच्या पुढे, तो ३.६५ ला पोचला की बीएमएस चार्जिंगची बाजू बंद करतो. फक्त चार्जिंगची! डिस्चार्जची वाट उघडीच राहते, म्हणून माझा मल्टिमीटर दर वेळी निरागसपणे ५४ दाखवत होता. मोटरच्या विजेला मात्र जायला जागा उरत नाही, कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं, कंट्रोलर ओव्हरव्होल्टेज म्हणून सोलेनॉइड सोडून देतो. दुसऱ्या चहाच्या वेळात सेल जरा खाली बसायचे, एवढंच.

हिशेब केला तर हसू येतं. माणसासकट साडेपाचशे किलोची गाडी ३५ मीटर उतरली तर सगळी मिळून ५० वॉट-अवर वीज. १४ हजार वॉट-अवरच्या पोटात एवढासा घास मावेना. लेड-ॲसिड असती तर चार बुडबुडे सोडून गिळून टाकली असती.

बीएमएसच्या ॲपमध्ये तिसऱ्या पानावर तो कितीदा आणि कशामुळे बंद पडला त्याची मोजदाद असते. तिथे 'सेल ओव्हरव्होल्टेज' समोर १७ लिहिलेलं होतं. पहिल्याच दिवशी पाहिलं असतं तर... असो.

तात्पुरता उपाय: चार्जरची मर्यादा ५८.४ वरून ५५.२ वर आणली, म्हणजे सेलमागे ३.४५. रीजेन निम्मं केलं. पल्ला फारसा कमी होणार नाही, एलएफपीत त्या वरच्या टोकाला तसंही थोडंसंच साठतं. काल आणि आज बाबा एकाच चहावर खाली गेले, गाडी थांबली नाही.

११ नंबरचं काय करायचं ते राहिलंय. बीएमएसचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीवर आणणं) काही मिलिअँपचं, २८० एएचच्या सेलपुढे मुंगीनं हौद उपसावा तसं. २ अँपचा ॲक्टिव्ह बॅलन्सर घ्यायचा म्हणून रिव्हर्स बझर आणि १२ व्होल्टच्या कन्व्हर्टरचं काम मागे ढकललं होतं.

पण हे लिहितालिहिता दुसरंच सुचलं. गाडी वर कशाला चार्ज करायची? खाली विहिरीच्या शेडमध्ये लावली तर भरल्या पोटी पहिली फेरी चढाची होईल, रीजेनचा प्रश्नच येणार नाही! अडचण एकच. शेतीपंपाची लाइन कधी दिवसा, कधी रात्री, आणि त्या मीटरवर गाडी लावणं मला पटत नाही. मग शेडवर दोन-चार सोलर पॅनल आणि एक एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर)? उरलेल्या केबलीही तिथे खपतील. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "गाडी रात्री खाली, मग सकाळी मी खाली कसा जाऊ?"

बॅलन्सरच घेतो. १६ सेलचा, २ अँपचा कुणी वापरलाय का? आज सकाळी ११ नंबर ३.४९ होता, बाकीचे ३.४४.