आमच्या मॅडम असोसिएट प्रोफेसर झाल्या!!

आज मार्कशीटच्या कामासाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठात गेले होते आणि गेटवरच मैत्रिणीचा फोन, अगं मॅडमना ऑर्डर मिळाली! काम तसंच सोडलं आणि आधी त्यांच्याकडे पळाले. ऑर्डर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती, त्यातच सेटचं (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) सर्टिफिकेट, पीएचडीचं नोटिफिकेशन आणि तासिका तत्त्वावर शिकवलं तेव्हाचे अनुभवाचे दाखले, कडा पार दुमडलेल्या.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांप्रमाणे थेट भरतीत असोसिएट व्हायला पीएचडी, ८ वर्षांचा अनुभव आणि कमीत कमी ७ रिसर्च पेपर लागतात. आणि हे सगळं २०११ ला नागपूरपासून वेगळं झालेल्या, चंद्रपूर-गडचिरोली या दोनच जिल्ह्यांच्या विद्यापीठात राहून! मॅडमचं काम सामूहिक वनहक्कावर (अख्ख्या गावाला मिळून जंगलावर मिळणारा कायदेशीर हक्क), म्हणजे धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये हक्क मिळाले तिथपासून पुढे ग्रामसभा बांबूचा व्यवहार कसा करतात त्यावर. हे पुण्या-मुंबईत बसून होत नाही हो, त्यासाठी धानोऱ्याकडे गावोगाव फिरावं लागतं, गोंडी शिकावी लागते, आणि मॅडम शिकल्या.

मोठ्या विद्यापीठांच्या नेमणुका पेपरात फोटोसकट येतात, आपल्याकडच्यांची दोन ओळींची बातमी पण दिसत नाही म्हणून मीच लिहितेय. कुरखेडा, एटापल्लीकडच्या ज्यांना पीएचडी करायचीये त्यांनी मॅडमना नक्की भेटा, त्या स्वतःच म्हणाल्या, इकडचीच मुलं हवीत मला.