ओगलेवाडीतला मुठीएवढा कंदील

कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन कऱ्हाडात नाही, ओगलेवाडीत आहे. कोयना एक्सप्रेसमधून उतरलेली माणसं बॅगा सावरत रिक्षाकडे धावतात, भाड्यावरून घासाघीस करतात आणि पाचेक किलोमीटरवरच्या कऱ्हाडात निघून जातात. कुणाला पाहुण्यांकडे जायचं असतं, कुणाला प्रीतिसंगमावर, कुणाला पुढची एसटी धरायची असते. पाच मिनिटांत फलाट रिकामा होतो. मी उतरले होते ती ओगलेवाडीसाठीच.

ज्यांचं लहानपण वीज नसलेल्या किंवा असून नसल्यासारख्या गावात गेलं, त्यांना 'प्रभाकर' कंदील म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अंगणात, गोठ्यात, बैलगाडीच्या जुवाखाली, बाळंतिणीच्या खोलीत तो असायचाच. तो इथला. ओगले बंधूंनी १९१६ साली इथं काच कारखाना काढला, ओगले ग्लास वर्क्स. प्रभाकर हे त्यांच्या वडिलांचं नाव. त्या काळात आपल्याकडचा बराचसा उजेड बोटीनं यायचा. कंदील अमेरिकेचा नाहीतर जर्मनीचा, आणि त्याची काच फुटली तर तीही परदेशीच आणायची.

येताना गाडी तळेगाव दाभाडेवरून जाते, तेव्हा मी मुद्दाम खिडकीशी जाऊन बसले. दिसण्यासारखं काही नव्हतं, पण १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो याच गावात. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की माणशी एक पैसा जमवायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा. टिळकांनी ती उचलून धरली. लोकांनी पैसा-पैसा टाकून काचेची भट्टी पेटवली, ही गोष्ट मला आजही अंगावर काटा आणते. माझ्या डब्यातले लोक मात्र मोबाईलवर मोठ्या आवाजात रील बघत होते. पार साताऱ्यापर्यंत तो आवाज थांबला नाही. कानाला काही लावायची पद्धत आपल्याकडे कधी येणार आहे कोण जाणे.

रात्र कऱ्हाडात एका लॉजवर काढली. खोली हायवेच्या बाजूची, चादर ओलसर, आणि पहाटेपर्यंत ट्रकचे हॉर्न. त्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

सकाळी परत ओगलेवाडीला आले. किल्ल्यांच्या वाटा सांगणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. काचेच्या भट्टीवर काम केलेला माणूस कुठं भेटेल, हे सांगणारं कुणी सहज सापडत नाही. चहाच्या टपरीवर विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला, "कारखाना बंद पडून जमाना झाला ताई, आता काय बघणार?" बाकड्यावर बसलेल्या रिक्षावाल्यानं मात्र मान वर केली. "आमच्या शेजारचे आबा फुंकणीवर होते. चला."

आबा ऐंशीच्या पुढचे. धोतर, बंडी, आणि गाल असे खोल गेलेले की आधी वाटलं आजारी आहेत. मी काचेबद्दल विचारतेय म्हटल्यावर त्यांनी नातवाला पिटाळलं, "जा, तात्याला बोलाव. त्याला सोडून सांगितलं तर महिनाभर बोलायचा न्हाय माझ्याशी." तात्या दोन घरं पलीकडे राहतात. ते पत्र्याचे कारागीर. कंदिलाच्या टाक्या, नळ्या आणि सांगाडा ही त्यांच्या हातची कामं. अजूनही घराच्या पडवीत ऐरण, लाकडी मोगरी, पत्र्याच्या कातरी, कथलाची कांडी आणि नवसागराची वडी असते. दुधाच्या किटल्या, पिठाचे डबे, फवारणीचे पंप, काहीही दुरुस्त करून देतात.

दोघं समोरासमोर बसले आणि पुढचा वेळ कसा गेला, मला कळलं नाही.

आबा मिसरूड फुटायच्या आत भट्टीवर लागले. पहिलं काम पळण्याचं. तयार झालेली गरम काच लांब दांड्याच्या चिमट्यावर घ्यायची आणि निवण्याच्या भट्टीत नेऊन ठेवायची. काच एकदम गार झाली तर आतल्या आत ताण राहतो आणि ती आज ना उद्या तडकते, म्हणून तिला पाचएकशे अंशांपासून तासन्‌तास हळूहळू निववावं लागतं. "रस्त्यात वारं लागलं की टिक्‌ करून आवाज. मग वस्तादाची शिवी." त्यानंतर साच्यावर बसायचं काम. वस्तादाच्या पायाशी उकिडवं बसून लोखंडी साचा वेळेवर उघडायचा, वेळेवर मिटायचा. मग काच उचलायला शिकायचं. फुंकणी, म्हणजे काच फुंकायची लांब नळी, हातात आली ती सगळ्यात शेवटी, आणि तीही वस्ताद जेवायला गेल्यावर.

नातवाच्या खोलीतून त्यांनी एक प्लॅस्टिकचा पाईप मागवला आणि मला करून दाखवायला लागले. मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, काच चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळवलेली. त्यात फुंकणीचं टोक बुडवून फिरवायचं, काकवीगत ती चिकटून येते. येते त्या क्षणापासून फुंकणी फिरती ठेवायची. थांबलात की गोळा खाली ओघळतो. मग लोखंडी पाटावर लोळवून त्याला आकार द्यायचा, बाहेरून किंचित थंड करायचा. आणि मग फुंक. मला वाटायचं, काच फुंकायला छाती भरून दम लागतो. आबांनी मान हलवली. "न्हाय पोरी. एक बारकी फुंक मारायची आन्‌ भोकावर अंगठा दाबायचा. आतली हवा गरमीनं आपोआप फुगती. काचच फुगवून घेती सोताला. आपण फक्त वाट द्यायची."

पाईपच्या तोंडावर अंगठा ठेवून ते थांबले होते. अंगठा जाड, नख अर्धं झिजलेलं. आत हवा फुगत असल्यासारखे ते त्या पाईपच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होते आणि तात्याही तिकडंच बघत होते.

कंदिलाच्या काचेवर सांधा का दिसत नाही, हेही मला तेव्हा कळलं. साचा दोन भागांचा, म्हणजे मधे रेघ उमटायलाच हवी. पण साच्याला आतून कोळशाच्या पुडीचा लेप असतो आणि तो दर वेळी पाण्यानं ओला करतात. गरम काच आत गेली की वाफ होते, आणि त्या वाफेच्या पातळ थरावर काच फिरत राहते. फुंकणारा फुंकता फुंकता फुंकणी फिरवतो. काच लोखंडाला टेकतच नाही म्हणा ना. म्हणून ती इतकी गुळगुळीत. नंतर वरचा टोपीसारखा उरलेला भाग आखून, तापवून तडकवून काढायचा, काठ घासायचे आणि आगीवर धरून त्यांची धार मोडायची.

तात्या इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "झालं तुझं? नुसती काच घिऊन रानात जाशील? वाऱ्यात ज्योत टिकवली कुणी?"

आणि मग त्यांनी पत्र्याची बाजू मांडली. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या वाकड्या नळ्या फक्त काच धरायला आहेत, असं मीही समजत होते. खरं म्हणजे त्या नळ्यांतून हवा खाली बर्नरपर्यंत जाते. ज्योतीची गरम हवा वरच्या झाकणातून निघून जाते आणि ताजी हवा नळ्यांमधून खाली उतरते, म्हणून बाहेर कितीही वारं असलं तरी आतली ज्योत सरळ जळते. अमेरिकेतल्या डीट्झ कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार रूढ केला आणि पुढे जगभर तोच चालला. नळीचा वाक चुकला, कुठं चेपला, तर हवा कमी पडते आणि काच काजळते. "लोक म्हणायचे काच खराब लागली. काच बिचारी काय करंल? नळी चेपलेली असायची."

मग टाकी. दोन अर्ध्या वाट्या दाबून, कडा मुडपून, कथलाचा डाग (सोल्डर) देऊन जोडायच्या. रॉकेल असं बेरकी की पाणी जिथून जात नाही तिथून झिरपतं. म्हणून प्रत्येक टाकी पाण्यात बुडवून, तोंडाला नळी लावून आत हवा भरायची. बुडबुडा आला की माल मागं. "फुंक काय एकट्या आबाचीच? म्या बी आयुष्यभर फुंकलंय."

आबा हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "ते खरं हाय."

दोघांच्या कामाची गाठ पडायची ती काच बसवताना. तापल्यावर काचही फुगते आणि पत्राही फुगतो, पण पत्रा जास्त फुगतो. काच घट्ट आवळली तर तडकते. सैल सोडली तर फटीतून वारा शिरून ज्योत नाचते. म्हणून वरच्या झाकणाखाली स्प्रिंग, म्हणून काच उचलायचा गज, म्हणून खालच्या बैठकीला तो बारीक दातेरी काठ. कंदील ही मला लहानपणापासून साधी वस्तू वाटत आली. एकमेकांचा स्वभाव पुरता ओळखणाऱ्या दोन कारागिरांशिवाय ती होत नाही, हे त्या ओट्यावर पहिल्यांदा समजलं.

एवढ्यात आज्जी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्यो बारका दाव की तिला." आबा नको नको म्हणत होते. आज्जींनीच कपाटातून साडीत गुंडाळलेली वस्तू आणली.

मुठीएवढा कंदील. टाकी, वात, बर्नर, दोन नळ्या, गज, कडी, सगळं जागच्या जागी. मुलीच्या भातुकलीसाठी दोघांनी केलेला, कित्येक वर्षांपूर्वी. कामाची पाळी संपताना मुशीच्या तळाशी थोडी काच उरायची, तेवढीच आबांनी घेतली. काच कामगार जगभर हे करत आलेत. दिवसभर मालकाच्या मापाचं काम आणि शेवटच्या उरलेल्या काचेतून पक्षी, मासे, पेपरवेट, जे मनात येईल ते. एवढ्या छोट्या काचेला साचा कुठला असणार? आबांनी ती मोकळी फुंकली, फक्त फुंकणी फिरवत आणि ओल्या लाकडाच्या वाटीत आकार देत. जवळून पाहिलं तर ती एका अंगाला जरा जास्त फुगलेली आहे आणि आत बारीक बुडबुड्यांची एक रांग आहे. रंग पाण्यासारखा स्वच्छ नाही, हिरवट आहे. वाळूत लोखंडाचा अंश असला की असा येतो.

"त्यानं काच दिली ती वाकडी," तात्या म्हणाले. "आधी पत्रा कापून ठेवला हुता गोल मापानं. बसंना. मग सगळा सांगाडा उसवला आन्‌ तिच्या अंगानं परत केला. काचेला कोण वाकवणार आता? पत्र्यानंच वाकायचं असतं."

मी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. डावी नळी उजवीपेक्षा केसभर बाहेर आहे, काच जिथं फुगलीय बरोबर तिथं. वरच्या झाकणाची कडही त्याच बाजूला किंचित उचललेली. कुणाला दाखवायचं नव्हतं, विकायचं नव्हतं, एका पोरीनं बाहुलीच्या लग्नात लावायचं होतं, आणि तरी ही एवढी काळजी. माझे डोळे भरून आले. आज्जींनी ते पाहिलं आणि न विचारता पिठलं-भाकरीचं ताट वाढलं. इतकं चांगलं पिठलं मी त्यापूर्वी कधी खाल्लं होतं ते आठवत नाही. पैसे देऊ का, हा प्रश्न ओठावर आणायचीही त्या घरात सोय नव्हती.

पुढे कोल्हापूर झालं, पन्हाळा झाला, धुकं, गर्दी, मक्याची कणसं. फोटो आहेत. गाडी किर्लोस्करवाडीवरून गेली तेव्हा मात्र पुन्हा खिडकीशी गेले. तीही वाडी अशीच, १९१० साली नांगर आणि यंत्रांच्या कारखान्याभोवती वसलेली. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, अशा माणसांना पाठबळ दिलं म्हणून या रेल्वेमार्गावर गावांच्या आधी कारखाने उभे राहिले आणि गावं मागून आली. दक्षिण महाराष्ट्राच्या सहलीत लोकांना हे कुणी का दाखवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. देवळं पाहा, गड पाहा, पण ज्या हातांनी आपल्या आजोळी उजेड नेला तेही पाहायला हवेत, आणि ते हात आता ऐंशीच्या पुढे आहेत.

ओगलेवाडीहून निघताना तात्यांनी पडवीतून अजून एक छोटा सांगाडा आणून दाखवला. आबांच्या पणतीसाठी त्यांनी तो गेल्या दिवाळीच्या सुमाराला केला आहे. बर्नर पितळेचा, वात बसवलेली, टाकी पाण्यात बुडवून तपासलेली. काच नाही. भट्टीच नाही तर आबा फुंकणार कुठं? आणि आता छातीही साथ देत नाही. पण शेजारी बसून सांगायला ते तयार आहेत, तसं मला स्वतः म्हणाले.

तेव्हा कुणाच्या ओळखीत काचेची छोटी भट्टी असलेला कारागीर असेल तर मला जरूर सांगा, आबांना गाडीनं न्यायची-आणायची जबाबदारी माझी. काच वरून-खालून उघडी हवी, उंची अडीच इंच, पोटाशी साधारण दोन इंच. अगदी गोल नसली तरी चालेल. तात्यांनी डाग अजून कच्चाच ठेवला आहे.