मले लकवा मारला नव्हता

खुर्चीची कल्पना माझ्या लेकीची. मी नाही म्हटलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. सत्तावन वर्षांची धडधाकट बाई मी. हंगामात दिवसदिवस वाकून कापूस वेचते, आणि चाकांच्या खुर्चीत बसून विमानतळावर मिरवू? पण तिचं म्हणणं, "आई, खुर्ची पायांसाठी नाही, इंग्रजीसाठी आहे." तिकीट काढतानाच तिने व्हीलचेअर मागून ठेवली होती. त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत. गेट बदललं, घोषणा झाली, कोणी काही विचारलं, तरी ढकलणारा माणूस तुम्हाला बरोबर विमानाच्या दारात नेऊन सोडतो.

मी गेले होते तिच्या बाळंतपणाला. 2024 च्या 20 मे ला सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा अधिकाऱ्याने सहा महिने राहायची मुभा दिली, म्हणजे 19 नोव्हेंबरपर्यंत. म्हणून परतीचं तिकीट 16 नोव्हेंबरचं, शनिवार दुपारचं. इकडे पहिली वेचणी सुरू झालेली, घरचे फोनवर मजुरांची रड सांगत होते, आणि तिकडे नात साडेचार महिन्यांची होऊन माझा आवाज ओळखायला लागली होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आदली रात्र बॅगा भरण्यात गेली. दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. जावयांकडे हाताने लटकवायचा काटा होता. 23.8 भरले की बदामाची एक पिशवी बाहेर, 22.9 झाले की पुन्हा अर्धी आत. आमच्या जिनिंगवरही एवढी बारीक मापं होत नाहीत. बदाम न्यायचेच होते. कॅलिफोर्नियातच फ्रेस्नोकडे जाताना बदामाच्या बागा पाहिल्या होत्या, आणि त्याच खोऱ्यात कापूससुद्धा. तिथे वेचणी यंत्राने होते. मी जावयांना गाडी थांबवायला लावून धुऱ्यावर उभी राहिले होते, पण त्या दिवशी यंत्र काही आलं नाही.

अमेरिकेतून निघताना पासपोर्टावर शिक्का मारत नाहीत, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिथे उतरताना बोटांचे ठसे, फोटो, दहा प्रश्न. निघताना सामानाची झडती झाली आणि सुटले. मी ढकलणाऱ्या माणसाला दोनदा विचारलं, "स्टॅम्प? स्टॅम्प?" तो नुसता हसला. आत जाण्याआधी लेकीने माझा खुर्चीतला फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आई निघाली'. पुढचा सगळा गोंधळ या फोटोने केला.

पहिलं विमान सोळा तासांचं. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला होता, त्यात आमचं विमान घराकडे यायचं सोडून बर्फाच्या मुलखाकडे वरवर चाललेलं. जवळचा रस्ता तोच असतो म्हणे, पृथ्वी गोल असल्यामुळे. पाय सुजू नयेत म्हणून दर दोन तासांनी उठून मागपर्यंत फेरी मारायची, असं लेकीने बजावलं होतं. मी चार वेळा उठले, मग झोप लागली, आणि जाग आली तेव्हा चपला पायात जाईनात. रविवार कुठे गेला ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आखातात विमान बदलायचं होतं. मध्ये सात तास. तिथे खुर्चीवाल्या प्रवाशांना एका कोपऱ्यात आणून ओळीने लावतात, बैलबाजारात जोड्या लावतात तसं. तुमची वेळ झाली की कोणी येऊन तुमचीच खुर्ची सोडवून नेतो. मी आजूबाजूला पाहिलं, तर खरोखर चालता न येणारे दोनतीनच. बाकी सगळ्या माझ्यासारख्या. एक नडियादच्या बा, एक गुंटूरच्या अम्मा, लुधियानाच्या एक बीजी. सगळ्या बाळंतपणं उरकून निघालेल्या! कोणालाच दुसरीची भाषा नीट येत नव्हती, पण मुलगा की मुलगी, नॉर्मल की सिझर, एवढं हातवाऱ्यांनीही कळतं. बांनी थेपले काढले. अम्मांचं लिंबाचं लोणचं तपासणीत काढून घेतलं होतं, ते त्यांना फार लागलं होतं. मी उरलेले मेथीचे लाडू वाटले. बीजींनी मोबाइलवर नातू दाखवला, मग सगळ्यांनी आपापले दाखवले, आणि मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. तेवढ्यात अम्मा खुर्चीतून टुणकन उठून बाथरूमकडे चालत गेल्या. खरोखर अधू असलेले एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे पाहत राहिले. मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. त्यांची खुर्ची यायला वेळ लागला असेल, तर त्यात माझाही वाटा होता.

18 तारखेला सकाळी मुंबई. शिक्क्याची रांग खुर्चीमुळे पटकन सुटली. पट्ट्यावर लाल बॅग आली, निळी आलीच नाही. पट्टा रिकामा फिरायला लागला, दिवा विझला, तेव्हा मदतनीस म्हणाला, "मावशी, आता रिपोर्ट लिहायचा. त्याशिवाय बाहेर निघू नका." ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतल्याच काउंटरवर बॅगेचा रंग, चाकं, आत काय, कुलूप आहे का, पत्ता, फोन, सगळं भरून घेतात. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली ती छोटी चिठ्ठी तिथे लागते. मी ती कचरा समजून फेकणार होते. मग दहा अक्षर-आकड्यांचा एक नंबर मिळतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग पाच आकडे. पुढचे सगळे फोन तो नंबर सांगून. सामान उशिरा मिळाल्याची तक्रार ते हाती आल्यापासून 21 दिवसांत लेखी करायची असते, आणि मोडतोडीची सात दिवसांत. पत्ता सांगताना त्या मुलीने तीनदा विचारलं, "मॅडम, नियरेस्ट एअरपोर्ट?" मी म्हटलं, "पोरी, आमच्याकडे जवळचा पानठेला सांगता येईल." बॅग नवव्या दिवशी आली. कुरिअरवाल्याने खरोखर पानठेल्यावरूनच घर विचारलं. एक चाक मोडलेलं, बदाम शाबूत.

भाच्याने डोंबिवलीला नेलं. आंघोळ, वरणभात, आणि रात्री कल्याणहून अमरावती एक्सप्रेस. डब्यात सगळे नऊलाच आडवे झाले, मी मात्र टक्क जागी. कॅलिफोर्नियाची घड्याळं 3 नोव्हेंबरला तासभर मागे गेली होती, त्यामुळे फरक साडेतेरा तासांचा. डबा घोरत होता आणि माझ्या अंगाला सकाळच्या चहाची वेळ झाली होती. भुसावळला चहा घेतला. शेगाव आलं तसे समोरच्या बर्थवरच्या बाईने झोपेतच हात जोडले. मीही जोडले.

मूर्तिजापूर पहाटे. गाडी थांबते न थांबते, बॅग खाली ओढून मी फलाटावर. लग्न होऊन आले तेव्हा इथूनच शकुंतला रेल्वेत बसून कारंजाला गेले होते. तेव्हा तिला कोळशाचं इंजिन होतं, आणि नव्या शालूवर ठिणगी पडून भोक पडलं होतं. आता ती गाडी बंद पडून कितीतरी वर्षं झाली. असती तर तरी सकाळी नक्की मिळाली असती असं नाही, पण त्या दिवशी एसटीही मिळाली नाही. 19 नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान, आणि बऱ्याच बसगाड्या मतदान केंद्रांची माणसं आणि यंत्रं पोचवायला गेलेल्या. स्टँडवर एक कंडक्टर बिडी ओढत होता. म्हणाला, "काकू, अर्धं तिकीट सरकारनं देल्लं, पन गाडी कोठून आनू?"

दीड तासाने काळीपिवळी भरली. भरली म्हणजे आपल्याकडे भरते तशी. बॅग टपावर, मी मधल्या सीटवर चौथी. अर्धं जग ओलांडताना मला कोणी ना कोणी ढकलत होतं, आणि कारंजाच्या त्या तीसेक किलोमीटरांत मीच शेजारणीला ढकलत होते. गाडीत सगळा विषय सोयाबीनचा. हमीभाव तेव्हा क्विंटलला 4892, आणि व्यापारी त्याच्या कितीतरी खाली. एका पोराने विचारलं, "काकू, कोठून येऊन राह्यल्या?" मी म्हटलं, "मुंबईहून." खोटं नव्हतं.

कारंजाहून पुढे चौदा किलोमीटर. हे मोटरसायकल घेऊन येणार होते, पण फाट्यावर पाहते तर पुतण्याचा ऑटो, त्यात गादी अंथरलेली, आणि हे स्वतः रडवेल्या चेहऱ्याने उभे. मी गाडीतून उतरले, टपावरची बॅग खाली घेतली, डोक्यावर ठेवली आणि रस्ता ओलांडून त्यांच्यापुढे उभी राहिले. हे माझ्या पायांकडे पाहत राहिले.

"तुले लकवा मारला म्हनत होते नं?"

तो फोटो ग्रुपवरून पुतण्याकडे, त्याच्याकडून पानठेल्यावर, आणि तिथून गावभर गेला होता. पोरीने आणि आईने आपल्यापासून लपवलं, असं ठरवून सगळे मोकळे. मी विमानात असल्यामुळे फोन लागत नव्हता, ते आणखी पक्कं झालं. मुंबईतून मी बोलले तेव्हा आवाज बारीक आला म्हणे. अंगणात बायका जमलेल्या. एकीने नारळ आणलेला, एकीने मालिशचं तेल. मी चहा मांडला तर एक म्हणाली, "बस वं बाई, उभी नोको राहू."

त्या रात्री दोनला जाग आली. लेकीकडे दुपारचे साडेबारा. फोन लावला, फोटो काढून टाक म्हणून सांगितलं, आणि तिथून बाळाचं रडणं ऐकू आलं तसा फोन ठेवला. मग ओसरीत लाइट लावून लाल बॅग उपसली.

सकाळी शाळेत मतदानाला गेलो. सासूबाई पंच्याऐंशीच्या वर, त्यांना हाताला धरून. दारात गणवेशातला एक पोरगा मला पाहताच व्हीलचेअर घेऊन धावत आला. म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी केंद्रावर ती ठेवलेली असते.

"काकू, बसा. तुमच्यासाठीच बाजूले काढून ठेवली होती."

मी सासूबाईंना बसवलं आणि पोराला म्हटलं, सरक, मी नेते. ढकलायचं कसं हे पाहून पाहून आलं होतं. फाटकाच्या उंबऱ्यावर चाक अडलं, मी मागून जोर लावला, तशा सासूबाई दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ओरडल्या, "हळू ने वं माय, इमान नोहे हे!"