इथाकाचं ट्रेमन पार्क: पूर्ण लूप करायचा तर खालून सुरुवात करा

न्यूजर्सी-न्यूयॉर्कवाल्या आपल्या मंडळींचा फिंगर लेक्सचा, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या लांबट तळ्यांच्या भागाचा, कार्यक्रम ठरलेला असतो, वॉटकिन्स ग्लेनची धबधब्यांची घळ बघायची, फोटो काढायचे आणि नायगराकडे सुटायचं. वॉटकिन्स ग्लेन सुंदरच आहे, त्यात वाद नाही, पण लाँग वीकेंडला तिथे अक्षरशः रांगेत चालावं लागतं. अर्धा दिवस हाताशी असेल तर इथाका गावापासून जेमतेम पाच मैलांवर रॉबर्ट एच. ट्रेमन स्टेट पार्क आहे, तिकडे वळा. घळ तशीच, धबधबे तसेच, वर भरपूर जंगल आणि माणसं कमी.

आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो, दोन गाड्या, सोबत मित्राचे आईबाबा, नाशिकहून आलेले. पार्कला दोन गेटं आहेत, खालचं रूट १३ जवळ आणि वरचं रूट ३२७ वर. पूर्ण लूप साधारण साडेचार मैल, म्हणजे सात-सव्वासात किलोमीटर, रमतगमत, खातपीत तीन-साडेतीन तास धरा. जाताना गॉर्ज ट्रेल, येताना समोरच्या काठावरून रिम ट्रेल. आम्ही चौघं खालून निघालो आणि काका-काकूंना घेऊन मित्र गाडीने वरच्या पार्किंगला गेला.

खालून सुरुवात करा असं मी का म्हणतोय तर एकतर सगळा चढ पहिल्या अर्ध्यातच संपतो, आणि दुसरं म्हणजे मुख्य धबधबा समोरून, हळूहळू मोठा होत येतो. वरून आलात तर आधी त्याच्या डोक्यावर पोचता आणि मग अर्धा लूप नुसता उतरून पुन्हा चढण्यात जातो. पहिला टप्पा जरा कंटाळवाणा आहे हे आधीच सांगून ठेवतो, झाडीतून चढ, पाणी ऐकू येतं पण नीट दिसत नाही, लहान मुलं 'धबधबा कुठेय' म्हणून डोकं खाणार. चिक्की वगैरे या टप्प्यासाठी राखून ठेवा.

मग घळ उघडते आणि लुसिफर फॉल्स दिसतो, ११५ फूट. सरळ कोसळत नाही, दगडाच्या थरांवरून पसरत येतो. आपल्या सह्याद्रीत काळा कातळ बघायची सवय, इथे सगळा शेल आणि सँडस्टोन, पातळ पातळ थर एकावर एक, कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या. 'भाकऱ्यांची चळत' असं काकू नंतर म्हणाल्या, ते मला पटलं. धबधब्याच्या कडेने खडकातून काढलेल्या दगडी पायऱ्या वर जातात, त्याच्या वरचा भाग मला धबधब्यापेक्षाही आवडला. एकदम अरुंद, दोन्ही बाजूला उभ्या भिंती, मधे पाणी आणि काठाने दगडी वाट. हिमयुगानंतर पाण्याने नवीन कापलेला भाग तो हा. खालची रुंद दरी त्याच्या आधीची, जुनी.

या पायऱ्या, पूल, भिंती बहुतेक १९३० च्या दशकात सीसीसीच्या पोरांनी बांधल्या, म्हणजे मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना कामाला लावायची सरकारी योजना होती ती. मधे १९३५ च्या पुरात बरंच वाहून गेलं, ते त्यांनी परत केलं. जमीन मात्र ट्रेमन नवराबायकोने १९२० मध्येच राज्याला देऊन टाकलेली. काम इतकं बेमालूम आहे की मूळ खडक कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते बऱ्याच ठिकाणी कळत नाही. आपल्या गडांवर डागडुजीच्या नावाखाली जे सिमेंट थापतात ते आठवून जीव जळतो, असो.

वर जुनी पाणचक्की आहे, पिठाची, १८३० च्या दशकातली. तिथेच टॉयलेट आणि बाकं, काका-काकू आमची वाट बघत बसले होते आणि दशम्या-चटणीचा डबा अर्धा संपलेला होता. त्यांनी चक्कीपासून धबधब्याच्या माथ्यापर्यंत जाऊन परत असा साधारण मैलभराचा फेरा केला, ज्येष्ठांना एवढा पुरे आणि सगळ्यात देखणा भाग त्यात येतोच. पायऱ्या आहेत पण थांबत थांबत होतात.

परतीच्या रिम ट्रेलवर धबधब्याच्या समोर एक व्ह्यूपॉइंट आहे, तो चुकवू नका. त्यानंतर लगेच क्लिफ स्टेअरकेस लागतो, दोनशेच्या वर पायऱ्या, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्या. पुढे हेमलॉकच्या गार सावलीतून आरामात खाली.

आता कामाच्या गोष्टी. गॉर्ज ट्रेल हिवाळ्यात बंद असतो, बर्फ आणि सुटे दगड यामुळे, आणि ते दगड काढून झाल्यावर साधारण मे महिन्यात उघडतो, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या साइटवर बघाच. पाण्याचा हिशोब आपल्या उलट, इथे जोर वसंतात, ऑगस्टपर्यंत धार बारीक होते, म्हणून मे अखेर ते जून उत्तम. ओला शेल भयंकर निसरडा, चपला-क्रॉक्स नकोत. घळीत पोहायला बंदी आहे, पोहायचं तर खालच्या गेटजवळ लोअर फॉल्सखाली उन्हाळ्यात लाइफगार्ड असताना, पाणी मात्र हाडं गोठवणारं. घळीत मोबाइलला रेंज धरून चालू नका, दोन गट करणार असाल तर भेटायची जागा आधीच ठरवा. पार्किंगची पावती टाकू नका, त्याच दिवशी ती जवळच्या बटरमिल्क फॉल्स आणि टगॅनक या पार्कांनाही चालते, आणि टगॅनकचा धबधबा २१५ फूट आहे, नायगरापेक्षा उंच, चालायला जवळपास सपाट, काका-काकूंना तोच जास्त आवडला. आणि गाडीत बसायच्या आधी मोज्यांवर, गुडघ्यामागे टिक्स (गोचीड) बघून घ्या, पोरांचे तर नक्कीच.